बटण नीट दाबले नसावे

माझ्या बाबांचा कोणावरही विश्वास नाही. घराला कुलूप लावलं की ते तीनदा ओढून बघतात, चार पावलं जातात आणि परत येऊन चौथ्यांदा ओढतात. दूध आलं की आधी स्वतः हुंगतात, मग आईला हुंगायला लावतात. मी लग्न ठरवलं तेव्हा त्यांनी मुलाच्या ऑफिसात फोन करून तो तिथे खरंच कामाला आहे का, याची चौकशी केली. आहे म्हणून कळलं. तरी फोन उचलणारा त्याचाच मित्र असेल, अशी शंका आली, म्हणून दुसऱ्या दिवशी स्वतः जाऊन काचेतून बघून आले. माझा नवरा आजही त्यांच्यासमोर बसला की खिशातलं ओळखपत्र चाचपतो.

बाबा लिफ्टचे मिस्त्री आहेत, चौतीस वर्षं. कामावर सगळे त्यांना 'पुन्हाबघ' म्हणतात. शिकत होते तेव्हा जोडीदारानं वरून ओरडून सांगितलं, "करंट बंद केलाय!" बाबांनी हात घातला. केला नव्हता. डाव्या अंगठ्याचं टोक अजून बधिर आहे. तेव्हापासून कोणी 'झालंय' म्हणालं की बाबा टेस्टर काढतात.

मी त्याच कंपनीच्या कंट्रोल रूममध्ये बसते. लिफ्टमध्ये कोणी अडकलं की त्यानं आतलं घंटेचं चित्र असलेलं बटण दाबायचं. माझ्या टेबलावर फोन वाजतो, मी धीर देते आणि मिस्त्री पाठवते. बाबा कामाला लागले तेव्हा नुसती घंटा होती, ती वॉचमन जागा असला तर ऐकायचा. मग टेलिफोनची तार आली. मग प्रत्येक लिफ्टच्या टपावर सिमकार्ड घातलेला डबा बसला आणि तारेची कटकट गेली. पुढे टू-जी झालं, थ्री-जी झालं, फोर-जी झालं. दर वेळी कोणीतरी इस्त्रीचा शर्ट घालून यायचा, आधीपेक्षा किती पट वेग मिळणार ते सांगायचा आणि चहा पिऊन जायचा. बाबा कोपऱ्यातून विचारायचे, "अडकलेल्या माणसाला वेग कशाला? त्याला कोणीतरी 'बोला' म्हणायला हवं." लोक हसायचे. मीही हसायचे.

या वर्षी फाइव्ह-जीला हवेत जागा हवी म्हणून जुनी टू-जी, थ्री-जी नेटवर्कं बंद झाली. आमचे डबे फोर-जीचे, त्यामुळे चिंता नव्हती. माझ्या स्क्रीनवर तीनशे बारा लिफ्टांचे तीनशे बारा हिरवे ठिपके रोज सकाळी उजळायचे, आणि आमचे साहेब ते बघून खुशीत आपल्या खोलीत जायचे.

त्यानंतर महिन्याभरानं एका इमारतीत निवृत्त शिक्षिका अडकल्या. वय एकोणऐंशी, एकट्या राहणाऱ्या. दुपारी कचरा टाकायला खाली निघाल्या, फोन घरात. तीन तास आत होत्या. शेजारीण कामावरून आली तेव्हा तिला ठोकण्याचा आवाज आला. दार उघडायला बाबाच गेले होते. बाईंच्या भाच्यानं कंपनीकडे तक्रार केली. उत्तर लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी नोंदी काढल्या: त्या दिवशी सकाळी ठिपका हिरवा, फोन एकही नाही. मी लिहिलं, "यंत्रणा सुस्थितीत. प्रवाशाने बटण नीट दाबले नसावे." सही केली आणि डबा खायला गेले.

ते उत्तर वाचून भाच्याचा राग कंपनीवरून आत्यावर गेला. जिला साधं बटण दाबता येत नाही, तिनं एकटीनं राहायचं कसं? त्यानं एका वृद्धाश्रमात खोली ठरवली. रविवारी गाडी घेऊन येणार होता. हे बाबांना शेजारणीनं सांगितलं, आणि मी माहेरी जेवायला गेले तेव्हा बाबांनी मला.

"तिच्या बोटाचं टोक लालभडक झालं होतं," ते म्हणाले. "नख तुटलं होतं. नीट दाबलं नाही म्हणे."

"बाबा, फोन आलाच नाही. मी तिथेच बसले होते."

"तू बसली होतीस म्हणून काय फोन निघाला नाही असं ठरतं?"

मी चिडले. मी म्हटलं, उलट नवीन नेटवर्क आल्यापासून काम किती सुधारलंय बघा. महिन्याला चाळीसेक फोन यायचे, गेल्या महिन्यात नऊ. बाबांचा घास हातातच राहिला.

"दारं नवी बसवली?"

"नाही."

"दोर बदलले? मोटारी?"

"नाही हो."

"मग नेटवर्क बदलल्यावर माणसं अडकायची कशी थांबली गं?"

मी आवाज चढवला. म्हटलं, तुम्हाला सगळं जगच लबाड वाटतं. दुधात शंका, जावयात शंका, आता पोटच्या पोरीच्या सहीत शंका. आईनं भाजीचं भांडं आमच्या मध्ये आणून ठेवलं. बाबा शांतपणे म्हणाले, "परवा तुझी सुट्टी आहे. ये माझ्याबरोबर. मी खोटा ठरलो तर पुन्हा तोंड उघडणार नाही."

हे आमिष मोठं होतं. मी गेले.

सकाळी अकराला, त्याच इमारतीत, त्याच लिफ्टमध्ये मी एकटी शिरले. बाबा वर मशीन रूममध्ये गेले आणि त्यांनी तिसऱ्या-चौथ्या मजल्याच्या मध्ये लिफ्ट थांबवली. पंखा बंद पडला, छोटा दिवा लागला. ठरलं होतं, फोन लागला की मी कंट्रोल रूममधल्या मैत्रिणीला "चाचणी आहे" सांगायचं. नाही लागला तर वीस मिनिटांनी बाबा दार उघडणार. माझा मोबाइल त्यांनी आधीच काढून घेतला होता. म्हणाले, तुझा भरवसा नाही.

मी बटण दाबलं. पिवळा दिवा लागला, म्हणजे फोन लागतोय. आता हिरवा लागेल आणि मैत्रीण बोलेल. पिवळा विझला. पुन्हा दाबलं. पिवळा, मग काहीच नाही. तिसऱ्यांदा दाबून धरलं. चौथ्यांदा पटकन सोडलं. आतून राग येत होता, तो अजून बाबांवरच. वाटलं, यांनीच वरून काहीतरी काढून ठेवलं असणार.

मग बटणाच्या मधोमध दाबलं, मग कडेला. अंगठ्यानं दाबलं. एका अंगठ्यावर दुसरा ठेवून दाबलं. कधीतरी मी पदराला बोट पुसलं, कारण घामानं ते सरकत असेल असं मला वाटलं. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी स्वतःशी म्हणते आहे, आपण नीट दाबत नाही आहोत.

मी, जिच्या टेबलावर हा फोन वाजतो. आत येऊन दहा मिनिटंही झाली नव्हती. मला बाहेर मिस्त्री उभा आहे हे माहीत होतं. त्या बाई तीन तास होत्या, आणि त्यांना काहीच माहीत नव्हतं. मला इतकी लाज वाटली की मी खाली बसले.

वीस मिनिटांनी बाबांनी दार उघडलं. मी मोबाइल मागितला आणि मैत्रिणीला फोन लावला. "फोन? छे, सकाळपासून एकही नाही. आणि तुझ्या लिफ्टचा ठिपका हिरवागार आहे," ती आनंदानं म्हणाली.

पायऱ्यांवर बसून मीच ते उलगडलं. डबा रोज सकाळी आमच्या कॉम्प्युटरला हजेरी लावतो ती डेटावरून, फोर-जीनं. ती पोचते, ठिपका हिरवा होतो. पण आमचे बहुतेक डबे स्वस्तातले, त्यांना फोर-जीवरून बोलता येत नाही. बटण दाबलं की ते बोलण्यापुरते जुन्या नेटवर्कवर उतरायचे. जुनं नेटवर्क काढून टाकलं. आता डबा सकाळी 'हजर' म्हणतो आणि दिवसभर मुका असतो. हे असं होईल असा विचारच कोणी केला नव्हता, कारण आम्ही सगळे ठिपके बघत होतो.

"किती लिफ्ट?" बाबांनी विचारलं.

"अडीचशेच्या आसपास. ते नऊ फोन उरलेल्यांतून आले."

ते टोपी काढून डोकं खाजवत बसले. आपण बरोबर ठरलो याचा त्यांना जराही आनंद झालेला दिसला नाही.

साहेब म्हणाले, "पण हिरवं दिसतंय ना?" बाबांनी अदबीनं त्यांना आमच्याच ऑफिसच्या लिफ्टमध्ये नेलं आणि बाहेर येऊन लिफ्ट थांबवली. बारा मिनिटांनी साहेब बाहेर आले तेव्हा शर्ट पाठीला चिकटला होता आणि त्यांनी डबे बदलण्याची ऑर्डर उभ्याउभ्याच फोनवर दिली. संध्याकाळपर्यंत प्रत्येक इमारतीत कागद लागला: अलार्म बंद आहे, मोबाइल जवळ ठेवा, एकट्यानं लिफ्ट वापरू नका. भाच्याच्या तक्रारीचं मात्र आता पुन्हा कशाला काढता, असं साहेबांचं म्हणणं पडलं. मी नवा अहवाल लिहिला आणि त्यांच्या सहीची वाट न पाहता माझी केली.

शनिवारी दुपारी मी आणि बाबा जिन्यानं चढून शिक्षिकांकडे गेलो. दार साखळीइतकंच उघडलं. बाबांचा चेहरा ओळखून त्यांनी साखळी काढली. आत खोकी बांधून ठेवलेली. भिंतीवर तसबिरींच्या जागी फिकट चौकोन. त्या खुर्चीवर ताठ बसल्या आणि म्हणाल्या, "आता आणखी काय चुकलं माझं?"

मी कागद पुढे केला. "बाई, चुकलं माझं. तुम्ही बटण नीट दाबलं होतं. दर वेळी नीट दाबलं होतं. फोन जातच नव्हता. पहिला अहवाल मी लिहिला होता, तो खोटा होता."

त्यांनी चष्मा लावला. कागद एकदा वाचला, मग पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचला. उजेडाकडे धरून माझी सही बघितली. बाबा त्यांच्याकडे अशा आदरानं बघत होते, जणू चौतीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांना आपल्या जातकुळीचं माणूस भेटलं होतं. मग बाईंनी भाच्याला फोन लावला आणि सांगितलं की उद्या गाडी आणू नकोस, यायचं तर जेवायला ये, आणि येताना तुझा चष्मा आण, तुला एक कागद वाचायचा आहे.

फोन ठेवल्यावर त्या बराच वेळ कागदाची घडी घालत होत्या.

"मला माहीत होतं मी दाबलंय," त्या म्हणाल्या. "पहिले पंधरा दिवस पक्कं माहीत होतं. मग सगळेच म्हणायला लागले. गेल्या आठवड्यात मी बाहेर उभी राहून माझ्याच दाराची बेल दाबून बघत होते, मला जमतंय का ते."

बाबा उठले आणि त्यांनी पहिल्या खोक्याची दोरी सोडायला घेतली.