खाली अक्षरं नसलेला सिनेमा

सोलापुरातल्या आमच्या फिल्म क्लबात परदेशी सिनेमे दाखवत आणि पडद्याच्या तळाशी इंग्रजी अक्षरं उमटत. त्या अक्षरांसाठी पांढऱ्या टोपीतले एक गृहस्थ न चुकता पहिल्या रांगेत येऊन बसायचे. गिरणीतल्या मागांच्या खडखडाटानं त्यांचे कान गेले होते. इंग्रजी मात्र बरं वाचता येई.

मी क्लबाचा चिटणीस. एकदा मोठ्या अभिमानानं मराठी सिनेमा मागवला, सगळ्यांना कळावा म्हणून! दिवे मालवले, सिनेमा सुरू झाला, आणि हे गृहस्थ अख्ख्या हॉलला ऐकू जाईल असं म्हणाले, “सायेब, आज खाली अक्षरं न्हाईत व्हय?”

मी ओशाळून त्यांच्या शेजारी जाऊन बसलो आणि कानाशी ओरडू लागलो. त्यांनी माझ्या ओठांकडे बोट केलं. “आवाज नगं. नुसतं ओठ हलवा. गिरणीत आमी असंच बोलायचो की.”

मग पडद्याच्या उजेडात मी सगळ्यांचे संवाद बिनआवाजी म्हणू लागलो. पण माझा स्वभाव आडवा आला. मरायला टेकलेल्या नायिकेच्या तोंडी मी सासूची टर उडवणारे दोन संवाद घातले. ते खदखदून हसले, मग मागं वळून बघतात तर सगळ्यांच्या डोळ्यांना रुमाल!

“हे तुमच्या पदरचं की वो!”

“चुकलं. आता खरं तेच सांगतो,” मी ओठांनीच म्हणालो.

“नगं, तुमचंच चालू द्या. गिरणी सुटल्यापास्नं माज्याशी कुनी असं बोललंच न्हाय.”

दिवे लागले, लोक उठून गेले. मी आपला नायिकेला जिवंत करून तिचं पुढचं बोलतच राहिलो.