डोळे न आखलेला सिंटरक्लास

माझ्या धाकट्या भावाच्या कानफटात द्यावीशी मला त्या दिवशी वाटली. तो हॉलंडमध्ये आणि मी हमरापूरला, म्हणून वाचला.

बायको आणि पाच वर्षांची लेक यांना तो तिकडे नेणार होता. पण त्याआधी पोरीला तिथल्या सणांची नावं आली पाहिजेत, असं साहेबांनी ठरवलं. चित्रांचे पत्ते पाठवले. आत्याने, म्हणजे मी, डच शब्द वाचायचा, तिने चित्र शोधून तो शब्द म्हणायचा. केर्स्टबोम म्हणजे नाताळचं झाड, सिंटरक्लास म्हणजे बोटीतून येऊन मुलांना खाऊ देणारा दाढीवाला. जमलं नाही तर आई एकटी येईल, तू वर्षभर आत्याकडे राहायचं, असं त्याने फोनवर थेट लेकीलाच सांगितलं. अरे, काही लाज? भावजय पदर तोंडाला लावून आत गेली. मला रडू येत नाही, माझं डोकं फिरतं.

पोर हुशार. झाड, बोट, मेणबत्ती, सगळं दोन दिवसांत पाठ. सिंटरक्लास आला की मात्र तोंडाला कुलूप. रविवारी बापाने फोनवर परीक्षा घेतली, तीच गत. तो ओरडला, ही मठ्ठ आहे म्हणाला. मी फोन बंद केला.

मग तिला कारखान्यात नेलं. आमचा गणपतींचा कारखाना, ती तिथेच फळ्यांखाली रांगलेली. मांडीवर घेऊन विचारलं, काय झालं गो?

"याचं डोळं नाय आखलं," ती म्हणाली. "मग नाव कसं घेऊ?"

मी पत्ता नीट पाहिला. दाढी होती, टोपी होती, डोळ्यांच्या जागी नुसता कोरा कागद. आमच्या घरात डोळे आखेपर्यंत मूर्तीला बाप्पा म्हणत नाहीत, नग म्हणतात. भाऊ याच फळ्यांमध्ये वाढला आणि त्याला हे सुचू नये! मी बारीक ब्रश घेतला, काळ्या रंगाने दोन डोळे भरले. रंग वाळायच्या आत पोर म्हणाली, "सिंटरक्लास."

पुढच्या रविवारी तिने एकही चूक केली नाही. भाऊ खूश. म्हणतो कसा, बघ ताई, धाक असला की बरोबर येतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सांगितलं त्याला, धाकाने दातखीळ बसली होती तिची, कधीतरी नुसता बोल पोरीशी. बरं बरं म्हणाला आणि तिकिटं काढली.

निघायच्या दिवशी मी तिची वेणी घालत होते. ती हळूच म्हणाली, "आत्या, विमानातून उतरल्यावर बाबा पहिलं पत्तेच दाखवंल? एक चुकला तर मला परत पाठवंल?"

मी वेणी अर्धी सोडली, भावाला फोन लावला आणि तिच्या हातात दिला. म्हटलं, हे तूच विचार त्याला.

तिने शब्दन् शब्द तसाच विचारला. तिकडून तो हुंदके द्यायला लागला. पोर घाबरून माझ्याकडे बघायला लागली. मी तिला जवळ घेतलं. त्याला रडू दिलं.