पाच वाजता मेन स्विच

घरून काम करणारी चार टाळकी एकत्र आली की कामाच्या गप्पा दहा मिनिटांत संपतात, विजेच्या मात्र संपता संपत नाहीत. आमच्या कंपनीनं 'घरची वीज वाचवा' असा मेल पाठवला आणि तेव्हापासून तर किश्श्यांचं पीकच आलंय बघा!

*

तो मेल मी घरात मोठ्यानं वाचला, हीच चूक. माझे सासरे, म्हणजे मामंजी, जन्मभर शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत इलेक्ट्रिशियन, आता निवृत्त. दुपारी बघते तर माझं टेबल उचलून खिडकीपाशी!

"उजेड फुकट हाय, बल्ब कशाला?"

"मामंजी, रस्त्यावरचे सगळे बघतात की!"

"बघू देत. सून काम करत्या, चोरी न्हाय."

*

आमच्यातली प्राजक्ता मलकापूरची. काम संपलं की राऊटर बंद करायचं तिनं ठरवलं, पण आई करू देईना. राऊटर दिवसभर कोमट असतो म्हणून आईनं त्यावर दह्याचं भांडं ठेवलेलं! "विरजण लागल्याबिगर बटणाला हात लावायचा न्हाय!" दही झकास लागतं हो, मी खाल्लंय.

*

उन्हाळ्यात आम्हीच शक्कल लढवली. तिघांना तीन पंखे कशाला? आमच्याच टीममधला इम्रान इथंच मंगळवार पेठेत राहतो, त्याच्या घरी एका पंख्याखाली बसू. प्राजक्ता मलकापूरहून एसटीनं यायची. अकराला चहा, एकला डबे. तिसऱ्या दिवशी इम्रानची अम्मी म्हणाली, "बेटा, इसकोच तो ऑफिस बोलते ना?"

*

फाउंड्रीत पाचला शिफ्ट सुटली की मेन स्विच खाली ओढायचं काम मामंजींचं. मेल आल्यापासून घरीही तेच सुरू! पाचला खट्, दिवेलागणीला परत चालू. आणि माझा क्लायंटचा कॉल नेमका पाचचा. आठवड्यात तिसऱ्यांदा कॉल तुटला, तेव्हा पुण्याच्या ऑफिसातून मॅनेजरांचा फोन आला. "उद्या पुन्हा तुटला तर सोमवारपासून पुण्यात येऊन बसा."

नवरा इथं, घर इथं, मी तिकडं एकटी कशी राहू? जेवताना मामंजींना सगळं सांगितलं. ते अर्ध्या ताटावरून उठले.

सकाळी बघते तर मेन स्विचच्या पेटीला कुलूप! किल्ली शेजारच्या बशीरचाचांच्या टेलरिंगच्या दुकानात ठेवलेली.

पाच वाजले. माझा कॉल चालू. आणि बाहेरून मामंजींचा आवाज.

"बशीर, किल्ली दे!"

"न्हाय मिळायची, दादा."

"अरे पाच वाजले की! स्विच वढायचा हाय!"

"तुम्हीच सांगितलंय सकाळी, मी मागितली तरी देऊ नको म्हणून."

"आत्ता सांगतोय ते ऐकणार का सकाळचं?"

"सकाळचं."

मग मामंजी म्हणाले, "बराबर हाय. सातपर्यंत देऊ नगंस. आन् मी लईच वरडाय लागलो, तर दुकान बंद करून जा."