यान्बूच्या खिडकीतली चिनी मातीची कुत्री

आधीच सांगते, मी संशयी बाई आहे. पण भुताखेतांवर माझा विश्वास कधीच नव्हता, कारण माझा सगळा संशय जिवंत माणसांसाठी राखीव असतो... घरातली वस्तू हलली की मी आधी माणूस शोधते. तेव्हाही तेच केलं.

आम्ही तेव्हा सौदीत, यान्बूला होतो. दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, इमारतीखाली पार्किंग, समोर मशीद. माझा नवरा मिलिंद अर्ध्या तासावरच्या एका प्लांटमध्ये इंजिनियर. मुलगा ओंकार दहावीत. परदेशी माणसं काढून सौदी माणसं घ्यायची, त्या सौदीकरणाचं वारं जोरात होतं. सारखा कुणाला तरी एक्झिट, म्हणजे कायमचं मायदेशी परतायचा शिक्का, लागायचा आणि त्यांचा फ्रिज-सोफा विकायला निघायचा. ओंकारची बोर्डाची परीक्षा होईपर्यंत तरी आपलं टिकू दे, एवढंच माझं मागणं. मिलिंद म्हणायचा, "माझी पोस्ट सेफ आहे गं. नको तो किडा डोक्यात घेऊस."

त्याच्या प्लांटवर आलेला एक फिनिश इंजिनियर परत गेला, तेव्हा त्याच्या बायकोने, मारियाने, मला चिनी मातीची दोन पांढरी कुत्री भेट दिली. मारिया फिनलंडमधल्या राउमा नावाच्या छोट्या गावची. मध्ययुगापासूनचं गाव, जुनी लाकडी घरं अजून रांगेने उभी - मोबाईलवर फोटो दाखवले होते तिने. खलाशांचं गाव ते. तिथे खिडकीत अशी जोडी ठेवतात म्हणे. घरधनी समुद्रावर गेला की कुत्र्यांची तोंडं बाहेर, परतला की आत. मला गंमत वाटली. मग मीही सुरू केलं... मिलिंद निघाला की कुत्री बाहेर वळवायची, संध्याकाळी आला की आत.

एका सकाळी भाजी फोडणीला टाकून हॉलमध्ये आले, तर दोन्ही कुत्री आत बघत होती. थेट सोफ्याकडे. विंडो एसीची थरथर असेल म्हणून सोडून दिलं. दुसऱ्या दिवशी एसी बंद ठेवला, तरी तेच.

मग माझी चौकशी सुरू झाली. पहिली शेजारची शमीमभाभी, श्रीवर्धनची, रोज चहाला यायची. ती म्हणाली, "अगो, मी कशाला त्यांना हात लावू? घरात कुत्र्याची मूर्त नको, हे तुला कितीदा सांगितलं." आणि तिचं खरं होतं. तिने वळवलीच असती तर बाहेर वळवली असती, स्वतःकडे बघणारी कशाला ठेवेल? ओंकार तर शाळेत. तरी विचारलं. "आई, व्हाय वुड आय टच युअर डॉग्ज?" म्हणून दार लावून घेतलं त्याने. राहिला इमारतीचा हारिस, म्हणजे आपला वॉचमन. त्याच्याकडे दुसरी चावी असायची. मला तर खात्रीच वाटली. मी आतून कडी घातली आणि एकटी बसून राहिले. फक्त कुकर बंद करायला उठले... परत येते तर तोंडं आत. कडी जिथल्या तिथे.

मी कडी पुन्हा ओढून बघितली, पक्की होती. तरी डोक्यात आलं, हा मिलिंदचाच चावटपणा असणार, काहीतरी युक्ती करून जात असेल. फोन लावला.

"कुत्र्यांचं काय करून ठेवलंयस तू?"

"कसली कुत्री? मी प्लांटवर आहे गं, कामात आहे."

तेवढ्यात समोरच्या मशिदीत दुपारची अजान सुरू झाली. आमचे म्हातारे मुअज्जिन सुरुवातीला हमखास खाकरायचे. ते खाकरणं मला खिडकीतून ऐकू आलं आणि त्याच क्षणी फोनमधूनही.

मी फोन न ठेवताच जिना उतरले.

पार्किंगच्या मागच्या कोपऱ्यात आमची गाडी होती. काचा खाली, आत मिलिंद, शर्ट घामाने भिजलेला, मांडीवर मी दिलेला डबा उघडा. आधी राग आला मला, आणि मग रडूच फुटलं.

"कधीपासून?"

"बरेच दिवस झाले. ज्या सौदी पोराला शिकवलं त्यालाच माझ्या जागी घेतलं. पोरगा चांगला आहे... इथे राहायचा इकामा आहे अजून काही महिने, तोवर कामावर ठेवणारा दुसरा कफील बघतोय. ओंकारची परीक्षा होईपर्यंत सांगणार नव्हतो."

"आणि इथे बसतोस? ह्या उकाड्यात?"

"दुसरीकडे कुठे जाऊ?"

मी डबा त्याच्या हातातून घेतला. म्हटलं, वर चल, भात गरम आहे. वर आलो तेव्हा कुत्री आतच बघत होती. घरधनी घरीच आहे, हे ती बापडी इतके दिवस सांगत होती आणि मी हारिसला चोर ठरवत बसले होते.

त्या दिवसापासून मी त्यांना हात लावला नाही. दुसरा कफील काही मिळाला नाही. ओंकारची परीक्षा झाली, पोरगा छान पास झाला आणि आम्ही चिपळूणला परतलो. मारियाला सगळं लिहून कळवलं, तर तिचं उत्तर आलं की आमच्याकडे कुत्री बायकाच वळवतात, आपोआप कधी वळल्याचं ऐकलं नाही. मग आमच्या घरी कुणी वळवली? एवढी चौकशी करूनही मला सापडलेलं नाही.

मिलिंद आता गुजरातेत एका प्लांटवर असतो. सकाळी फोन करून सांगतो, "पोचलो गं कामावर." मी खिडकीकडे बघते. कुत्री बाहेर बघत असली, की मगच "बरं" म्हणते.