काका तीनदा विसरले

मानसशास्त्र विभागाच्या प्रयोगशाळेतले काका समोरच्याच्या मनात काय आहे ते ओळखून दाखवत आणि बहुतेक वेळा चुकत. पण चुकलो म्हणायची पाळी त्यांच्यावर कधी आली नाही. समोरचा म्हणाला, "छे हो, माझ्या मनातसुद्धा नाही," की काका समजुतीने मान डोलावत आणि म्हणत, "मनात नाहीच. मनाच्या खाली आहे." यावर माणूस काय बोलणार?

हुद्द्याने ते परिचर. कपाटं उघडायची, उपकरणं पुसायची, जुन्या स्टॉपवॉचना किल्ली द्यायची, परीक्षेला टेबलं मांडायची. तीस वर्षं हेच. शिवाय कुठलाही नवा प्रयोग विद्यार्थ्यांच्या हाती देण्याआधी काकांवर करून बघायची पद्धत पडली होती. डोळे बांधून चक्रव्यूहातून पेन्सिल फिरवायची म्हणा, हिरव्या शाईत लिहिलेल्या 'लाल' या शब्दाच्या शाईचा रंग सांगायचा म्हणा, पहिला बळी काका. त्यामुळे पदवी नसली तरी आपण आतले आहोत, असा त्यांचा ठाम समज होता, आणि तो अगदीच खोटा नव्हता.

विभागात दोन पक्ष होते. विभागप्रमुख बाई जुन्या मताच्या. मनाला तळघर असतं, नकोशा इच्छा आपण त्यात ढकलतो आणि वरून झाकण लावतो, मग त्या विसरण्याच्या वाटेने हळूच वर येतात, असं त्या शिकवत. नव्या सरांना तळघर मान्य नव्हतं. मेंदूची बहुतेक कामं आपल्याला न विचारताच चालतात, 'मी' नावाचा गृहस्थ मागाहून येऊन श्रेय घेतो, त्यात लपवाछपवी कसली, असं त्यांचं म्हणणं. ते पटवायला त्यांनी एकदा काकांच्या डोक्याला तारा लावल्या आणि सांगितलं, वाटेल तेव्हा बटण दाबा. यंत्राने दाखवलं की काकांना वाटायच्या आधीच त्यांच्या मेंदूची तयारी सुरू झाली होती. पुढचे दोन दिवस काका चहाचा कप उचलताना थबकत आणि हे नक्की कोणी ठरवलं असं स्वतःलाच विचारत. चहा गार व्हायला लागला तसे ते बाईंच्या पक्षात परतले.

घरी तर त्यांचं राज्यच होतं. काकू शर्टाचं बटण लावायला विसरल्या तेव्हा काकांनी त्यांना समजावलं की हे साधं विसरणं नव्हे, तुझ्या मनात खोल कुठेतरी माझ्यावर राग आहे. काकू म्हणाल्या, "खोल कशाला, वरच आहे." तेवढ्याने गप्प बसणाऱ्यांतले काका नव्हते.

अशा माणसाच्या लेकीला नोकरी लागली. एकुलती एक लेक, पंचवीस वर्षांची, आणि नोकरी दोन दिवसांच्या प्रवासाइतकी लांब. काकांनी सायकलस्टँडवाल्यापासून ग्रंथपालापर्यंत सगळ्यांना थांबवून थांबवून सांगितलं. एकच काम उरलं होतं. पाच प्रमाणपत्रांच्या प्रतींवर बाईंची सही आणि शिक्का घेऊन त्या शुक्रवारच्या टपालात टाकायच्या. शुक्रवार चुकला तर जागा यादीतल्या पुढच्या उमेदवाराला जाणार होती. हे काम काकांनी हौसेने स्वतःकडे मागून घेतलं.

सोमवारी फाइल घरीच, चपलांच्या कपाटावर राहिली. मंगळवारी ती प्रयोगशाळेत पोहोचली, पण बाई दिवसभर शेजारच्या खोलीत असूनही काकांनी ती जपून कपाटात ठेवली आणि घरी निघून आले. काकूंनी ताटं वाढता वाढता म्हटलं, "तुम्हाला ती जायला नकोय." काकांचा पारा चढला. कामाच्या गर्दीत माणूस विसरतो, प्रत्येक गोष्टीला अर्थ चिकटवत बसू नये, असं ते म्हणाले. बुधवारी काका आधीच स्वच्छ असलेली भिंगं पुन्हा पुसत बसले आणि आठवण झाली तेव्हा बाई फाटकाबाहेर पडल्या होत्या. गुरुवारी तर कपाटाची किल्लीच हरवली. तीस वर्षांत न हरवलेली किल्ली! दुसरी किल्ली होती, पण ती हरवू नये म्हणून काकांनीच त्याच कपाटात ठेवली होती.

शुक्रवारी दुपारी लेक स्वतः प्रयोगशाळेत येऊन थडकली. काका चौथ्यांदा खण उपसत होते, आणि त्यांच्या डोक्यावर बाई आणि सर यांचा वाद रंगात आला होता. बाईंच्या मते पुस्तकात छापावं असं उदाहरण घडलं होतं. सर म्हणत होते, अठ्ठावन्न वर्षांचं वय, परीक्षेचा आठवडा, यात इच्छा कुठून आली? "सरांचं बरोबर आहे," काका खणात डोकं घालूनच म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी उघडपणे सरांचा पक्ष घेतला होता.

लेकीने वाद ऐकला, बापाकडे पाहिलं. शाळा सुटल्यावर याच टेबलावर तिने वर्षानुवर्षं गृहपाठ केला होता, तिला इथलं सगळं ठाऊक होतं. तिने स्टॉपवॉच उचललं, कागद आणि लाल पेन्सिल घेतली.

"बाबा, बसा. मी शब्द म्हणते."

हा काकांचा सगळ्यात आवडता प्रयोग. एकाने शब्द म्हणायचा, दुसऱ्याने तोंडात येईल तो पहिला शब्द सांगायचा, आणि लागलेला वेळ लिहायचा. जिथे माणूस अडखळेल किंवा तोच तो शब्द पुन्हा देईल तिथे लाल फुली, कारण तिथे पाणी मुरतंय. हे काकांनी कित्येक तुकड्यांना समजावून दिलं होतं. आपल्याला कोण पकडणार, अशा ऐटीत ते बसले.

टेबल म्हटल्यावर ते खुर्ची म्हणाले. पाणी, तहान. शाळा, घंटा. एकेक सेकंदाच्या आत. मग तिने 'सामान' म्हटलं आणि काका म्हणाले, 'परत'. तिने मान वर न करता वेळ लिहिली. 'गाडी' म्हटलं. पुन्हा 'परत'. बाई आणि सर वाद सोडून टेबलापाशी आले.

"मुलगी," ती म्हणाली.

यावर सगळे 'मुलगा' म्हणतात. काकांनाही ते माहीत होतं, त्यांनी तोंडही उघडलं होतं. स्टॉपवॉच टिकटिकत राहिलं. सात सेकंद गेले.

"परत," काका म्हणाले.

मग त्यांनी लेकीच्या हातातली लाल पेन्सिल काढून घेतली आणि तीन फुल्या स्वतःच्या हाताने मारल्या. त्यांना फार लाज वाटली. लोकांची तळघरं उघडत हिंडलो आणि आपल्यात काय दडलंय ते बायकोने ताटं वाढता वाढता सांगितलं, तेही ऐकलं नाही, असं त्यांच्या मनात आलं.

"मला तू जायला नको आहेस," ते म्हणाले.

बाईंनी जिंकल्यासारखं सरांकडे पाहिलं, पण काकांचा चेहरा दिसताच नजर खाली घातली. काका उठले, प्रयोगशाळेला लागून असलेल्या आवाजबंद खोलीत तडक गेले आणि पडद्यामागच्या खिळ्यावरून किल्ली काढून घेऊन आले. ती तिथे कधी अडकवली ते त्यांना सांगता येईना.

बाईंनी पाचही प्रतींवर सह्या केल्या. शिक्के काकांनी मारले, सरळ आणि ठळक. लेक मात्र उभीच होती.

"मग मी काय करू, बाबा?"

"जा," काका म्हणाले.

"आत्ता तर नको म्हणालात. यातलं खरं कुठलं?"

"दोन्ही. ते खाली दडलं होतं, तू वर काढलंस. हे पहिल्यापासून वरच होतं."

सरांनी चष्मा पुसायला घेतला.

टपालाची खिडकी चारला बंद होणार होती. पाकीट मी एकटा देऊन येतो, असं काका म्हणाले, तेव्हा लेकीने ते साहजिकच त्यांच्या हाती सोपवलं नाही आणि ती बरोबर निघाली. खिडकीपाशी मात्र त्यांनी ते तिच्याकडून मागून घेतलं, आपल्या हाताने आत सरकवलं आणि शिक्का बसेपर्यंत तिथून हलले नाहीत. परत येताना रस्ता ओलांडायचा होता. काकांनी लेकीचा हात धरला, आणि पलीकडे पोहोचल्यावरही दोघांपैकी कोणी सोडला नाही.