टेपच्या खोलीतला कूलर

कूलरच्या ओल्या गवताचा वास नागपुरात पुष्कळांना आवडतो. मला त्याने मळमळतं. कारण सांगते.

मी एका तपासणी केंद्रात रेकॉर्ड सांभाळते. रोग्यांचे स्कॅन पहिलं वर्ष डिस्कवर राहतात. पुढे ते क्वचितच कुणी मागतं, म्हणून संगणक ते आपोआप टेपवर हलवतो. पडद्यावर नाव तेवढं उरतं. त्या नावावर क्लिक केलं की कपाटातली कुठली टेप यंत्रात घालायची ते कळतं, आणि जरा वेळाने स्कॅन समोर येतो. व्यवस्था स्वस्त आहे आणि चांगली आहे. फक्त टेपची खोली थंड आणि कोरडी लागते.

गेल्या उन्हाळ्यात मालकांच्या केबिनमधला एसी बिघडला. त्यांनी टेपच्या खोलीतला एसी काढून स्वतःकडे लावला आणि तिथे खिडकीत कूलर बसवला.

"थंडच पाहिजे न तुम्हाले? घ्या थंड."

"सर, कूलरने ओल धरते. टेपला कोरडं लागतं."

"टेपले काय सर्दी होते का, मॅडम?"

काउंटरवरचे हसले. मी कूलर बंद करायची, मालक येता-जाता चालू करायचे. निदान दुसरी प्रत दुसरीकडे ठेवू, म्हटलं, तर म्हणाले, "स्क्रीनवर सगळी नावं दिसून राहिली न? मंग?"

पाऊस लागल्यावर एक बाई आली, खापरखेड्याची. नवरा वीज केंद्रात ठेकेदाराकडे कामाला. तो मागे भिंतीला टेकून उभा होता. त्याच्या फुफ्फुसात डाग दिसला होता. तीन वर्षांपूर्वी आमच्याकडेच त्याचा स्कॅन झाला होता, पण घर बदलताना फिल्म हरवली.

"डॉक्टर म्हणते जुना फोटो आणा," ती म्हणाली. "डाग तवाही एवढाच असन तर सुई टोचून तुकडा काढाचं काम नाही. भेटते न, ताई?"

मी नाव घातलं. नाव आलं.

"आहे रे, आहे!" ती नवऱ्याकडे वळून म्हणाली, मग स्वतःच लाजली. "आहे म्हणते अहो."

कपाट उघडलं तर तोच वास. टेपच्या डब्यांवर पांढरी लव उगवली होती, शिळ्या पोळीवर उगवते तशी. हवी ती टेप पुसली, बोटाला चिकट काळं लागलं. यंत्रात घातली. ते करकरलं, थांबलं, पुन्हा करकरलं आणि टेप बाहेर आली. नंतर दुरुस्तीवाल्याने पाहिलं तेव्हा टेपवरचा थर सुटून आत यंत्राला माखला होता. त्या टेपवरचं काहीही वाचता आलं नाही. मी हात तीनदा साबणाने धुतले, तरी जेवताना वास येतच होता.

मालक बाईला म्हणाले, "जुनी टेक्नॉलॉजी आहे, चालतंच असं." त्यांच्या केबिनमध्ये एसी चालू होता. जुलैत.

सुई टोचावी लागली. सुईने फुफ्फुसाला छिद्र पडून हवा सुटली, तो माणूस आठवडाभर छातीत नळी घालून पडला होता. रिपोर्ट आला: डाग जुना, साधा, धोका नाही. म्हणजे जुना स्कॅन मिळता तर यातलं काहीच झालं नसतं.

ती पेढे घेऊन आली. मालकांनी एक तोंडात टाकला, दुसरा हातात घेतला. "शेवट गोड तर सगळं गोड. मॅडम, घ्या न."

"मला नको," मी म्हणाले आणि बाईला तिथेच सांगितलं. "तुमच्या माणसाला सुई आमच्यामुळे टोचावी लागली. तो स्कॅन आमच्याकडे होता. आम्ही ओलीत कुजवला."

ती मालकांकडे वळली.

"मंग यायनं पेढे काहून खाल्ले?"

मालकांनी हातातला पेढा डब्यात परत ठेवला. त्यावर त्यांच्या बोटांचे ठसे उमटले होते. तिने तो उचलून आमच्या कचऱ्याच्या टोपलीत टाकला, डब्याचं झाकण लावलं आणि उरलेले पेढे घेऊन गेली.