खिशातला पाना

साल १९९७, माझं वय चौसष्ट. कराडच्या कॉलेजाजवळ माझं वेल्डिंगचं दुकान. कॉलेजांची यंत्रांची स्पर्धा लांब होती, तरी सुट्टीत तिथले एक सर माझ्या दुकानाच्या अंगणात नव्या पोरांकडून नारळ उचलणारी गाडी करून घेत. रोबो म्हणत तिला; वेल्डिंग माझं. सरांची शाबासकी कधी नाही, नुसतं "का?" एक हात कायम खिशात. मला तो हात खटकायचा.

एकदा चाचणीआधी त्यांनी खिशातला पाना काढून गुपचूप नट ढिला केला. गाडीनं नारळ पाडला. पोरं म्हणाली, "बाबांचं वेल्डिंगच कच्चं!"

मी सरांना बाजूला घेतलं. "माझं नाव घालवताय व्हय? बघितलंय मी!"

"बाबा, स्पर्धेत नट ढिला होणारच. तेव्हा मी जवळ नसेन. शोधू द्या त्यांना."

एका पोरीनं तासाभरात नट शोधला. तरी सरांच्या रीतीवर माझा इस्वास बसला न्हाई. दुसऱ्या दिवशी सकाळी सर यायच्या आत मी सगळे नट आवळले आणि एकेकावर वेल्डिंगचा टाका मारला.